भयपटाचें पोस्टर कसें करावें?

भय हा मानवी मनाचा फार जुना सोबती आहे. आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तर त्याला राहावयास जागा मुबलक आहे. चिऱ्याचीं जुनीं घरें, माडापोफळींच्या दाट बागा, आषाढांतील काळोख्या रात्री आणि मालवणच्या किनाऱ्यावर अहोरात्र चालणारी समुद्राची गाज, ह्या सर्वांत वाढलेल्या मुलाला देवचार, मुंजा, म्हापुरुष हीं नांवें मुळाक्षरांच्याहि आधीं पाठ होतात. तेव्हां २०१६ च्या फेब्रुवारींत दूरचित्रवाणीवर सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवीं चित्रित व्हावी, किंवा राही अनिल बर्वे ह्यांच्या २०१८ सालच्या भयपटानें ‘तुंबाड’ हें कोकणांतल्याच एका गांवाचें नांव घ्यावें, ह्यांत नवल नाहीं. हल्लीं विद्यार्थीहि मोबाइलवर लहान लहान चित्रपट करितात व स्नेहसंमेलनांत दाखवितात. चित्रपट भुताखेतांचा असला तर उत्साहाला पारावार नसतो. परंतु पोस्टर करण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळांचें काम एका कवटीवर आणि रक्ताच्या चार थेंबांवर आटोपतें. भयपटाचें पोस्टर छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरनें पद्धतशीरपणें कसें तयार करावें, आणि तें करतांना कोणतें भान ठेवावें, ह्याचा प्रस्तुत लेखांत आम्ही विचार करणार आहों.

पोस्टर ही चित्रपटाची पहिली ओळख होय. तें भिंतीवर असतें, पाहणारा रस्त्यानें चालत असतो, आणि दोघांची गांठ चार-पांच क्षणांपुरतीच पडते. तेवढ्यांत चित्रपटाचें नांव सांगणें, त्याची जात कळविणें आणि मनांत कुतूहल उत्पन्न करणें, हीं तीन कामें त्याला उरकावीं लागतात. महाराष्ट्रांत ही कला चित्रकारांच्या हातीं वाढली. कोल्हापूरचे कलामहर्षि बाबूराव पेंटर ह्यांनीं १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. पण मूळचे ते चित्रकार, आणि आपल्या चित्रपटांचीं पोस्टरें ते स्वतः रंगवीत. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चें पोस्टर हें आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकीं एक मानलें जातें. पुढें जगप्रसिद्ध झालेले चित्रकार हुसेन हेहि तरुणपणीं मुंबईस चित्रपटांचे फलक रंगवीत असत. १९४९ सालच्या ‘महल’नें हिंदी चित्रपटांत भूतकथेची गोडी लावली, आणि १९७२ सालच्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून रामसे बंधूंनीं ती गांवोगांवच्या चित्रपटगृहांत नेली.

हा सर्व काळ कुंचल्याचा होता. १९९० सालीं टॉमस व जॉन नॉल ह्या अमेरिकन बंधूंचें ‘फोटोशॉप’ बाजारांत आलें, आणि कुंचल्याचें काम हळूहळू संगणकाकडे गेलें. फोटोशॉपला पैसे मोजावे लागतात. परंतु कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं तयार केलेलें ‘गिंप’ हें सॉफ्टवेअर १९९६ पासून सर्वांस मोफत मिळत आलें आहे. शाळेच्या कामाला तें पुरेसें आहे. पुढें सांगितलेल्या क्रिया दोहोंतहि करतां येतात.

संगणक सुरू करण्यापूर्वीं मात्र कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, आपल्या चित्रपटाचें नांव ‘बाव’ आहे. विहिरीला आपल्याकडे बाव म्हणतात, हें येथील वाचकांस सांगणें नको. कथा अशी कीं, एका ओसाड घराच्या परसांतील बावीवर रोज तिन्हीसांजेला कोणी तरी पाणी काढतें. आतां पोस्टरांत काय दाखवावें? पहिल्यानें मनांत येतें तें बावींतून वर येणारें भूत. नेमकें तेंच टाळावें. जें पूर्णपणें दिसतें त्याचें भय ओसरतें. आपल्या दशावतारी नाटकांतला काळ्या वेषाचा संकासुर पाहा. वेद चोरणारा हा दैत्य; पण तो समोर उभा राहून मालवणींत बोलूं लागला कीं मुलें भिण्याऐवजीं हसूं लागतात. उलट ‘नोस्फेराटु’ ह्या १९२२ सालच्या जर्मन मूकपटांतील जिना चढणारी पिशाचाची नुसती सावली शंभर वर्षांनंतरहि पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा आणते.

ह्याचें कारण असें कीं, अपुरें चित्र पुरें करण्याची मनाला खोड आहे. नारळाच्या करवंटीवरील तीन खळगे पाहतांच आपणांस दोन डोळे व एक तोंड दिसूं लागतें. दिवसा ही गंमत वाटते; अंधारांत हीच खोड झुडपाला माणूस आणि वाळत घातलेल्या धोतराला भूत बनविते. पोस्टर करणाऱ्यानें मनाच्या ह्या खोडीला कामास लावावें. म्हणून ‘बाव’साठीं आम्ही असें चित्र सुचवूं: रात्रीची वेळ, चिऱ्याची जुनी बाव, तिच्या कठड्यावर एक रिकामी कळशी, कळशीशेजारीं कंदील, आणि कप्पीवरून बावींत उतरलेला दोर ताठ ताणलेला. कळशी तर बाहेर आहे. मग दोराच्या खालच्या टोंकाला काय आहे? हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत उभा राहिला कीं पोस्टरचें अर्धें काम झालें.

आतां छायाचित्रें. मध्यरात्रीं फोटो काढावयास जाण्याचें कारण नाहीं. काळोखांत मोबाइलचा कॅमेरा चांचपडतो व फोटोवर दाणे उमटतात. आभाळ भरलेल्या दिवशीं सायंकाळीं, कडक सावल्या नसतांना फोटो काढावे; त्यांची रात्र आपण मागाहून करूं. बाव, कंदीलासह कळशी, आकाश आणि माडांचे शेंडे ह्यांचे निरनिराळे फोटो घ्यावे. मात्र बाव व कळशी ह्यांचे फोटो घेतांना कॅमेरा एकाच उंचीवर व एकाच कोनांत ठेवावा, नाहीं तर जोडलेली कळशी कठड्यावर न बसतां हवेंत तरंगल्यासारखी दिसते. दोर ताठ राहावा म्हणून त्याला पाण्यानें भरलेली बालदी टांगावी. कोणीहि कठड्यावर चढूं अथवा वांकूं नये, आणि बरोबर एक मोठें माणूस असावें. आणखी एक सूचना: फोटो मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीनें पाठविला तर तो आकसून जातो, तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला तर मूळ स्वरूपांत पोहोंचतो.

सॉफ्टवेअर उघडल्यावर प्रथम कागदाचें माप ठरवावें. ए-३ आकाराचा कागद २९७ × ४२० मिलिमीटर असतो. छपाईसाठीं दर इंचास ३०० ठिपके धरले तर चित्र ३५०८ × ४९६१ ठिपक्यांचें, म्हणजे पिक्सेलांचें होतें. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो सुमारें ३००० × ४००० पिक्सेलांचा असतो. तो थोडा वाढवावा लागतो, पण तेवढें चालतें. लहान मापावर काम करून शेवटीं चित्र ताणणें मात्र कधींहि करूं नये.

ह्या सॉफ्टवेअरचा प्राण म्हणजे ‘लेअर’, अर्थात् थर. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांवर वेगवेगळीं चित्रें काढावीं आणि वरून पाहतांना तीं एकच दिसावीं, तसा हा प्रकार आहे. सावंतवाडीचा गंजिफा रंगविणारा कारागीरहि आधीं जमिनीचा रंग देतो, मग आकृति भरतो आणि बारीक रेषा शेवटीं काढतो. आपणहि तळाला आकाश, त्यावर माड, त्यावर बाव, त्यावर कळशी-कंदील आणि सर्वांत वर अक्षरें असे थर लावावे. प्रत्येक थराला नांव द्यावें. थरांतील नको असलेला भाग खोडरबरानें पुसूं नये, कारण पुसलेलें परत येत नाहीं. त्याऐवजीं ‘लेअर मास्क’ वापरावा. मास्कवर काळा रंग लावला कीं त्या जागचें चित्र झांकतें, पांढरा लावला कीं उघडतें, आणि करडा लावला तर अर्धवट दिसतें. बावीच्या कडा कापतांना ब्रश थोडा मऊ ठेवावा. कात्रीनें कापल्यासारखी धार आली कीं जोड उघडा पडतो.

ह्यानंतर दिवसाची रात्र करावयाची. नुसता उजेड कमी केल्यानें चित्र मळकट होतें, रात्र होत नाहीं. तिन्हीसांजेला अंगणांतली तांबडी जास्वंद प्रथम काळी पडते आणि तिचीं पानें मात्र कांहीं वेळ उजळ राहतात, हें आपण पाहिलें असेल. पुर्किन्ये ह्या चेक शास्त्रज्ञानें १८२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या चमत्काराचें वर्णन केलें आहे. मंद उजेडांत आपल्या डोळ्याला तांबडा रंग लवकर दिसेनासा होतो व निळसर रंग अधिक वेळ जाणवतो. म्हणून ‘कर्व्हज’ ह्या साधनानें चित्रांतील तांबडा उतरवावा, निळा किंचित चढवावा, आणि मग एकंदर उजेड कमी करावा. त्यावर गडद निळ्या रंगाचा एक थर देऊन त्याची पद्धत ‘मल्टिप्लाय’ ठेवावी. मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. संगणक पांढऱ्याला १ व काळ्याला ० मानतो, आणि वरच्या व खालच्या थरांतील आंकडे एकमेकांनीं गुणतो. अर्ध्याला अर्ध्यानें गुणलें कीं पाव होतो. अर्थात् चित्र काळोखाकडे झुकतें, पण त्यांतील चिऱ्यांचे खडबडीत पोत बुजत नाहींत.

अंधार झाल्यावर दिवा लावावा. चित्रांत उजेडाची जागा एकच असावी, ती म्हणजे कंदील. त्याभोंवतीं पिवळसर नारिंगी रंगाचा मऊ गोल काढून त्या थराची पद्धत ‘स्क्रीन’ ठेवावी. ही मल्टिप्लायच्या उलट आहे. येथें अर्धा व अर्धा मिळून पाऊण होतो, आणि चित्र उजळतें. मग प्रत्येक वस्तु कंदीलाच्या कोणत्या बाजूस आहे तें पाहावें. कळशीची कंदीलाकडील कड चकाकली पाहिजे, दुसरी कड अंधारांत गेली पाहिजे, आणि तिची सावली कंदीलापासून दूर पडली पाहिजे. सूर्य व चंद्र ह्यांचा उजेड वरून येत असल्यामुळें खालून आलेला उजेड आपल्या डोळ्यांस विपरीत वाटतो. हनुवटीखालीं विजेरी धरून धाकट्या भावंडांस भिवविण्याची युक्ति ह्यावरच चालते. कंदील खालीं ठेवल्यानें दोर खालून उजळतो, वर माडांत जाऊन काळा होतो, आणि बावीचें तोंड मात्र काळेंच राहतें. तें काळें तोंड उजळण्याचा मोह आवरावा. साऱ्या चित्राचें भय तेथें सांठविलेलें आहे.

निरनिराळ्या फोटोंचे तुकडे एकत्र आणले कीं ते पाहुण्यांसारखे वेगळे दिसतात. त्यांना एका घरचे करण्याचे दोन उपाय आहेत. दूरचे माड ‘ब्लर’नें किंचित अंधुक करून त्यांवर फिकट धुक्याचा थर द्यावा, म्हणजे खोली येते, आणि शेवटीं सर्वांवर ‘नॉइज’नें बारीक दाण्यांचा एकच हलका थर पसरावा. रंगांच्या बाबतींत कृपणता बरी. निळसर काळोख आणि कंदीलाचा पिवळा, एवढे दोन रंग ‘बाव’ला पुरेत. रक्ताचा तांबडा शिंपडला तर डोळा दोराकडे न जातां तिकडेच धांवेल.

अक्षरें हा पोस्टरचा अर्धा देह होय, आणि विद्यार्थी तिकडेच दुर्लक्ष करितात. इंग्रजी पोस्टरांत अक्षरें एकमेकांपासून दूर दूर मांडण्याची चाल आहे. तिचें अनुकरण देवनागरींत केलें तर शिरोरेषा तुटते व शब्दाचे तुकडे होतात. आपल्या लिपीचें सामर्थ्य निराळें आहे. २०२० सालीं दिवंगत झालेले अक्षररचनाकार कमल शेडगे ह्यांनीं मराठी नाटकांचीं नांवें अशीं लिहिलीं कीं, नाटकाचा स्वभाव अक्षरांतच दिसावा. ‘बाव’ ह्या शब्दाकडे त्या दृष्टीनें पाहावें. त्याची शिरोरेषा दोहों बाजूंस लांबविली तर ती बावीवरचा आडवा वांसा होते. आणि ‘बा’चा काना खालीं वाढविला तर तोच बावींत उतरणारा दोर होतो. नांव आणि चित्र असें एकजीव झालें कीं अक्षरांतून रक्त ठिबकविण्याची गरज उरत नाहीं. हीं अक्षरें हातानें कागदावर काढून त्यांचा फोटो घ्यावा व थर म्हणून बसवावा. कलाकारांचीं नांवें, दिवस व वेळ ह्यांसाठीं मात्र साधा, सुवाच्य टंक घ्यावा. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत मिळतो. नंतर पोस्टर दहा पावलांवरून पाहावें. नांव वाचतां येत नसेल तर तें कितीहि सुंदर असलें तरी फुकट आहे.

छपाईविषयीं थोडक्यांत सांगतों. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाशतो, कागद प्रकाशत नाहीं. शिवाय कागदावर शाई पसरते. त्यामुळें पडद्यावर खोल वाटणारा काळोख कागदावर डांबरासारखा सपाट होतो, आणि चमकदार निळाहि मंदावतो. म्हणून छापण्यापूर्वीं गडद भाग थोडे उजळावे, चारी बाजूंस ३ मिलिमीटर चित्र कापण्यासाठीं जास्त ठेवावें, आणि आधीं एक लहान नमुना छापून पाहावा. सर्व थर असलेली मूळ फाइल निराळी जपून ठेवावी.

येथवर कौशल्याचा विचार झाला. परंतु भयाचें चित्र करणाऱ्यावर एक जबाबदारीहि येते, व तिच्याविषयीं लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत विल्यम मम्लर नांवाचा छायाचित्रकार, गिऱ्हाइकाच्या फोटोंत त्याच्या मृत आप्ताची धूसर आकृति उमटवून देत असे. तेथील यादवी युद्धांत असंख्य घरें शोकांत बुडालीं होतीं; लोक पैसे मोजून हे फोटो घेत. १८६९ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. पुराव्याअभावीं तो सुटला. एका चित्रावर दुसरें चित्र उमटविण्याची जी करामत तो करतो असा लोकांचा आरोप होता, ती आज आठवीच्या विद्यार्थ्यालाहि थर आणि मास्क ह्यांच्या योगें अर्ध्या तासांत साधते. साधन सुलभ झालें, म्हणून त्याचा विवेकहि तितकाच वाढला पाहिजे.

आपल्या भागांत ह्याचा प्रत्यक्ष धोका काय, तें पाहा. आपण पोस्टर केलें. कोणी तरी त्यावरील नांव कापून टाकलें. आणि ‘अमक्या गांवच्या बावीवर काल रात्रीं काढलेला फोटो’ म्हणून तें हातोहात फिरविलें. चिऱ्याची बाव ओळखूं येते. घरहि ओळखूं येतें. त्या घरांत एखादी वृद्धा एकटीच राहत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून तिच्या बावीवर पाण्याला कोणी येणार नाहीं, आणि तिच्याकडे बोट दाखविणारे मात्र पुष्कळ निघतील. एखादी व्यक्ति करणी-चेटूक करते असें भासवून तिला छळणें हा महाराष्ट्रांत २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनीं त्या कायद्यासाठीं अनेक वर्षें खटपट केली, आणि त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हांहि तिच्यामुळें कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप कित्येकांनीं घेतला होता. कल्पित कथेला बंदी असावी असें आमचें मत नाहीं; परंतु कथा ही कथा म्हणूनच लोकांपुढें जावी, ह्याची काळजी ती करणाऱ्यानेंच घेतली पाहिजे.

ती काळजी चित्रांतच घेतां येते. बाव एका ठिकाणची, माड दुसऱ्या ठिकाणचे, आकाश तिसरीकडचें, असें जोडावें. म्हणजे तें चित्र कोणत्याच खऱ्या जागेचें राहत नाहीं. ज्यांच्या आवारांत फोटो काढावयाचा त्यांची परवानगी आधीं घ्यावी. दुसऱ्याचा फोटो न विचारतां उचलूं नये. चित्रपटाचें नांव कोंपऱ्यांत न लिहितां चित्राच्या मधोमध बसवावें. ‘बाव’चा काना आम्ही दोर केला, तो केवळ शोभेसाठीं नव्हे, तें नांव कापूं गेल्यास दोर तुटतो आणि चित्रच मोडतें. तसेंच गांवचे देव व राखणदार ह्यांना राक्षसाचें रूप देऊं नये. आरवलीचा वेतोबा रात्रीं गांवाचें रक्षण करीत फिरतो, अशा श्रद्धेनें भक्त त्याला मोठ्या चामडी वहाणा अर्पण करितात. नुसतें नांव ऐकून परक्याला तो भुतांचा राजा वाटेल. येथील माणसांचा तो पाठीराखा आहे.

पुष्कळ वडील मंडळींस वाटतें कीं, मुलांनीं असल्या भुताटकीच्या नादीं लागूं नये. आमचें मत थोडें निराळें आहे. ज्या मुलानें स्वतःच्या हातानें दुपारची रात्र केली, ज्यानें पाण्याची बालदी टांगून दोर ताणला, तें मूल पुढें मोबाइलवर आलेला भुताचा फोटो पाहून घाबरण्यापूर्वीं त्यांतील कंदील कोठें आहे व सावली कोणत्या बाजूस पडली आहे, तें पाहील. सावली खोटी निघाली तर तें चार शेजाऱ्यांना बोलावून दाखवील. एका पोस्टरच्या खटाटोपांतून एवढी नजर तयार झाली, तर स्नेहसंमेलनांतला पडदा पडल्यावरहि तो खटाटोप उपयोगी पडेल.